उशाशी बसलेल्या माणसाची तजवीज

पक्षाघाताने अर्धे अंग गेलेला, कर्करोग हाताबाहेर गेलेला किंवा मूत्रपिंडे निकामी झालेला रोगी नांदेडच्या, हिंगोलीच्या अथवा छत्रपती संभाजीनगरच्या इस्पितळातून सुट्टी मिळून औंढा नागनाथ तालुक्यातल्या आपल्या गावी परततो, तेव्हा त्याच्याबरोबर चिठ्ठ्यांची, फिल्मांची आणि गोळ्यांच्या पाकिटांची एक पिशवी घरात येते, आणि ‘आता घरीच काळजी घ्या’ हा निघताना मिळालेला निरोप येतो. ही काळजी कोणी, किती वेळ आणि कशाच्या बळावर घ्यायची, हे त्या चिठ्ठ्यांत कोठेही लिहिलेले नसते. इस्पितळात ज्या कामासाठी तीन पाळ्यांत शिकलेली माणसे नेमलेली असतात, ते सारे काम त्या दिवसापासून घरातल्या एका व्यक्तीच्या, बहुधा पत्नीच्या, सुनेच्या वा लेकीच्या, अंगावर पडते. आणि बाईमाणूस आहे म्हणजे तिला ते येणारच, असे सर्वांनी गृहीत धरलेले असते.

नागनाथाच्या हेमाडपंती देवालयामुळे आणि नामदेवांना विसोबा खेचर येथेच भेटले या परंपरेमुळे औंढ्याचे नाव महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यात पोहोचलेले आहे; परंतु देवळाभोवतीचा तालुका सोयाबीन, कापूस, तूर आणि हळद यांवर जगतो, आणि ज्या घरी जमीन थोडी त्या घरी रोजची मजुरी हाच खरा आधार असतो. अशा घरात एक मनुष्य अंथरुणाला खिळला की मजुरी एकाची बुडत नाही, दोघांची बुडते. हळदीची काढणी, शिजवणी आणि वाळवणी यांचे दिवस असोत की सोयाबीन काढणीची घाई असो, शेजारपाजारच्या बायका पहाटे कामावर निघतात आणि ही एकटी घरी राहते. केंद्र सरकारने २०२४ साली केलेल्या वेळ-वापर पाहणीत १५ ते ५९ वयाच्या स्त्रियांपैकी ४१ टक्के स्त्रिया घरातल्या कोणाची तरी देखभाल करतात आणि त्यासाठी दिवसाची सुमारे १४० मिनिटे देतात, असे आढळले. पुरुषांत हे प्रमाण सुमारे २१ टक्के आणि ७४ मिनिटे असे होते. या आकड्यांत मुलांचे संगोपनही मोडते हे खरे. पण मरणासन्न वा परावलंबी रोग्याच्या उशाशी जी बसते, तिचा दिवस मिनिटांत मोजताच येत नाही, कारण तो रात्रीलाही संपत नाही.

या कामात शिकण्याजोगे काय आहे, असे कोणी विचारील. एका कुशीवर पडून राहिलेल्या रोग्याच्या माकडहाडावर, खुब्यावर आणि टाचांवर दाब पडून तेथले रक्ताभिसरण थांबते, कातडी प्रथम लाल होते, मग फुटते आणि पाहता पाहता हाडापर्यंत जखम जाते. हा बेडसोर टाळायचा तर साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, रात्रीसुद्धा. चादरीची घडी मोडावी लागते, ओले कापड तत्काळ काढावे लागते, आणि रोग्याला फरफटत न ओढता खालच्या चादरीसकट दोघांनी उचलून सरकवावे लागते. आपल्याकडे पाण्याच्या घागरीखाली घालतात तशी कापडाची चुंबळ करून मायेने माकडहाडाखाली घालण्याची पद्धत आहे. पण त्या चुंबळीच्या कडांनी भोवतालच्या कातडीवर दाब वाढतो आणि जखम टळण्याऐवजी ओढवते, म्हणून जाणकार ती वर्ज्य मानतात. टाचा वाचवायच्या तर पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवावी. लाल झालेली जागा तेलाने रगडू नये. गिळण्याची शक्ती मंदावलेल्या रोग्याला आडवे ठेवून चमच्याने पाणी वा चहा पाजला तर तो श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनियाला निमंत्रण मिळते. त्यापेक्षा त्याला टेकून उठते बसवून, हनुवटी किंचित खाली घेऊन, घट्टसर पेज वा मऊ कालवलेला वरणभात लहान घासांनी भरवावा आणि नंतर अर्धा तास तरी तसेच बसू द्यावे. यांतली एकही गोष्ट अवघड नाही. तासाभरात हाताने करून दाखवता येण्याजोगे हे ज्ञान आहे, आणि ते न मिळाल्यामुळे माणसे मूळ रोगाच्या आधी जखमांनी आणि ठसक्याने दगावतात, ही मला असह्य वाटणारी गोष्ट आहे.

वेदनेची कथा याहून कठीण. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर मॉर्फिनची गोळी हा स्वस्त आणि खात्रीचा इलाज आहे. ती साधारणपणे दर चार तासांनी घड्याळ लावून द्यावयाची असते, दुखू लागण्याची वाट पाहून नव्हे, आणि तिच्याबरोबर बद्धकोष्ठासाठी रेचकही चालू ठेवावयाचे असते. परंतु १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या कडक परवान्यांमुळे ही गोळी वर्षानुवर्षे दुर्मिळ राहिली. २०१४ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांसाठी परवान्यांची कटकट पुष्कळ कमी केली, तरी गावापर्यंत ही गोळी अजून नीट पोहोचलेली नाही. रात्रभर कण्हणाऱ्या नवऱ्याजवळ हात जोडून बसलेल्या बाईला जे सोसावे लागते, त्याला कायद्याच्या भाषेत नाव नाही.

आणि ती स्वतः? तिची कंबर धरते, झोप तुटते, जेवणाचा काळवेळ उरत नाही. रोग्याची चिडचिड तिच्यावर निघते, आणि महिन्यातून एकदा येणारे नातलग पाठीवरची जखम पाहून तिलाच बोल लावतात. सेवेला आपल्या संस्कृतीने एवढे उच्च आसन दिले आहे की थकल्याची तक्रार करणे हे त्या बाईला पापासारखे वाटते. सेवेच्या या गौरवाविषयी मला अनादर नाही. पण ज्या गौरवामुळे मदत मागण्याची चोरी होते, त्याचा फायदा तिला मिळत नाही, मदत न करणाऱ्यांना मिळतो.

सरकारदरबारी तिची नोंद कशी आहे हे पाहू जाता, योजना आहेत त्या रोग्याच्या नावाने. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया आणि उपचार होतात, पण घरच्या शुश्रूषेचा खर्च त्यात येत नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत कर्करोग, पक्षाघात, क्षय अशा दुर्धर व्याधींनी ग्रासलेल्या निराधारांना दरमहा अनुदान मिळते. २०२३ साली ते १,००० वरून १,५०० रुपये झाले. त्यासाठी तहसील कचेरीत उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा आणि सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र लावून अर्ज करावा लागतो. आणि सर्वसाधारण अर्जदारासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची ठरलेली मर्यादा वर्षाला २१,००० रुपये, म्हणजे दिवसाला साठ रुपयांच्याही आत, आहे. शिवाय जिला रोग्याला सोडून तासभर बाहेर जायचे तर शेजारणीची विनवणी करावी लागते, तिने हे दाखले गोळा करीत कचेऱ्यांचे हेलपाटे कधी घालावेत? २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात देखभाल करणाऱ्या कुटुंबीयाची व्याख्या आहे, आणि अधिक आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी देखभाल भत्त्याची तरतूदही आहे, परंतु ती सरकारच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत ठेवलेली. केरळात ‘आश्वासकिरणम्’ या योजनेत अंथरुणाला खिळलेल्याची देखभाल करणाऱ्या व्यक्तीलाच महिना ६०० रुपये देण्याची तरतूद आहे. रक्कम तुटपुंजी; पण शासनाच्या दफ्तरात त्या बाईचे नाव लाभार्थी म्हणून चढले, हे थोडके नव्हे.

केरळाने याहून मोठी गोष्ट केली. कोळिकोडे येथे १९९३ साली डॉ. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी आपल्या सहकाऱ्यांसह वेदनाशमनाचे केंद्र काढले. पुढे मलप्पुरम् जिल्ह्यात गावोगावचे शिक्षक, दुकानदार, विद्यार्थी यांना थोडके शिक्षण देऊन परिचारिकेच्या जोडीने घरोघर पाठविण्याची रीत पडली, आणि २००८ साली त्या राज्याने त्याचे धोरण केले. महाराष्ट्राला हे परके नाही. मुंबईचे शांती अवेदना सदन १९८६ सालचे, म्हणजे कोळिकोडेच्याही आधीचे. आणि जामखेडला आरोळे दांपत्याने १९७० पासून, तर तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशनने, फारसे न शिकलेल्या खेड्यातल्या बायका उत्तम आरोग्यसेविका होतात हे सिद्ध करून दाखविले आहे. उणीव आहे ती हे सारे एका ठिकाणी जुळविण्याची. २०१८ पासून उपकेंद्रांचे रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत होऊ लागले, आणि त्यांच्या बारा सेवांच्या यादीत वृद्धसेवा व परिहारसेवा, म्हणजे असाध्य रोग्याच्या वेदना हलक्या करणारी शुश्रूषा, यांचा अंतर्भाव आहे. म्हणजे कागदावर हुकूम आहे. पण हजार वस्तीमागे असलेल्या एका आशाताईवर लसीकरणापासून सर्वेक्षणांपर्यंत सारा भार टाकून वर हेही काम फुकट सांगितले, तर तो हुकूम कागदावरच राहील. तिला याचा स्वतंत्र मोबदला मिळालाच पाहिजे.

हिंगोलीत २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही या जिल्ह्याच्या दृष्टीने मोठी संधी आहे. सुट्टी देण्यापूर्वी रोग्याच्या माणसाला कूस बदलणे, भरवणे, नळीची निगा आणि जखम बांधणे हे स्वतःच्या हाताने करावयास लावल्याशिवाय सुट्टीच्या कागदावर सही करू नये, असा दंडक तेथे पहिल्या वर्गापासून घालता येईल. मॉर्फिन साठविण्याची मान्यता घेता येईल. ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांसाठी राखावयाचे असतात. त्यातून हवेची गादी, चाकांची खुर्ची, संडासाची खुर्ची अशा वस्तू घेऊन ठेवल्या आणि गरजेप्रमाणे त्या घरोघर फिरविल्या, तर गादीपायी कोणाला कर्ज काढावे लागणार नाही. ग्रामसभेत हा ठराव मांडण्यास कोणाच्या परवानगीची जरुरी नाही.

या सर्व गोष्टींना वेळ लागेल. तोवर आपल्या गल्लीत असा रोगी असेल तर त्याला भेटावयास जाणाऱ्यांनी एवढे करावे: तब्येत विचारून, चहा घेऊन, म्हणजे त्या थकलेल्या बाईला आणखी एक काम लावून, परतू नये. जेवणाचा डबा बरोबर न्यावा, आणि ‘वहिनी, दोन तास मी इथे बसतो, तुम्ही पाठ टेका’ असे म्हणून खरोखरच दोन तास बसावे. ती प्रथम नको म्हणेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे.