चौकट : पडद्यावरची साथ, खरा आजार

मूळ चित्रपट : ‘केबिन फीव्हर’ (2002), दिग्दर्शक एली रॉथ. खर्च सुमारे 15 लाख डॉलर, जगभरातली कमाई त्याच्या कितीतरी पट.

पुढचा भाग : ‘केबिन फीव्हर 2 : स्प्रिंग फीव्हर’ (2009), दिग्दर्शक टाय वेस्ट. मूळ चित्रपटातल्या आजाराने दूषित झालेले पाणी बाटल्यांतून शाळेच्या नृत्यसमारंभापर्यंत पोहोचते आणि साथ पसरते. निर्मात्यांनी संकलन बदलल्यावर वेस्ट यांनी आपले नाव काढायला सांगितले. ते मान्य झाले नाही.

मराठीत : आदित्य सरपोतदार यांचा ‘झोंबिवली’ 26 जानेवारी 2022 रोजी प्रदर्शित झाला. अमेय वाघ, ललित प्रभाकर आणि वैदेही परशुरामी यांच्या भूमिका. साथीची भीती डोंबिवलीच्या सोसायटीत आणि शेजारच्या वस्तीत आणणारा हा धाडसी प्रयोग होता.

खरा आजार : ‘केबिन फीव्हर’मधला आजार नेक्रोटायझिंग फॅसिआयटिसवर बेतलेला आहे. यात जिवाणू बहुधा जखमेतून शिरतात आणि त्वचेखालचे ऊतक झपाट्याने नष्ट करतात. एकाकडून दुसऱ्याला तो क्वचितच होतो. चित्रपटातली साथ ही कल्पनाच.

लोहाऱ्याच्या (जि. यवतमाळ) वाचकांसाठी : शेतात काटा रुतला, विळा लागला, तर जखम लगेच स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवा. जखमेच्या मानाने फार जास्त वेदना, वेगाने पसरणारी सूज आणि ताप दिसला, तर घरगुती लेपात वेळ घालवू नका. त्याच दिवशी यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालय गाठा. या आजारात तासांनाही किंमत असते.