दहा किक मारल्या तरी गाडी सुरू होत नाही? प्लग कधी बदलायचा ते समजून घ्या

पहाटे दुधाचा कॅन गाडीला अडकवलेला, डेअरीवर संकलन बंद व्हायला वीस मिनिटं राहिलेली, आणि गाडी काही केल्या सुरू होत नाही. किक मारून पाय दुखायला लागतो, घाम फुटतो. शेवटी शेजाऱ्याची गाडी मागायची नाहीतर दूध परत घरी न्यायचं. गावाकडे हा प्रसंग कुणाला नवीन नाही. बऱ्याच वेळा याच्या मुळाशी असतो बोटाएवढा एक भाग, स्पार्क प्लग. शंभर-दीडशे रुपयांची ही वस्तू वेळेवर बदलली, तर पुढची बरीच ओढाताण वाचते.

प्लगचं काम काय?

इंजिनात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबलं जातं आणि नेमक्या क्षणी प्लग त्यात ठिणगी टाकतो. त्या जाळाच्या जोरावर गाडी पळते. ठिणगीसाठी कॉइलमधून हजारो व्होल्टचा झटका येतो. चार हजार आरपीएमवर गाडी चालत असेल, तर प्लगला मिनिटाला किमान दोन हजार वेळा ठिणगी टाकावी लागते. प्रत्येक ठिणगीला टोकाचा धातू कणाकणाने झिजतो आणि टोकांमधलं अंतर, म्हणजे गॅप, वाढत जातो. गॅप वाढला की ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं आणि एक दिवस ती चुकायला लागते. यालाच आपण ‘गाडी मिसिंग मारते’ म्हणतो.

मग बदलायचा कधी?

गाडी बंद पडेपर्यंत थांबू नका. प्लग किलोमीटर बघून बदलायचा असतो. १०० ते १५० सीसीच्या गाड्यांना बहुतेक साधा निकेलचा प्लग असतो. तो साधारण १० ते १२ हजार किलोमीटरला बदलावा, आणि मधल्या सर्व्हिसिंगला एकदा काढून बघावा. नेमका आकडा गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत असतो. शेवटचा शब्द त्या पुस्तिकेचा. इरिडियमचा प्लग महाग असतो, पण साध्यापेक्षा कितीतरी जास्त टिकतो.

आता हिशोब करा. रोज तालुक्याला जाऊन-येऊन ४० किलोमीटर आणि महिन्यातले २५ दिवस, म्हणजे महिन्याला १ हजार आणि वर्षाला १२ हजार किलोमीटर. म्हणजे रोज तालुक्याला जाणाऱ्याला वर्षातून एक प्लग लागतोच. तारीख लक्षात राहत नसेल तर सोपा उपाय आहे. दसऱ्याला आपण गाडी धुतो, हार घालतो, पूजा करतो. त्याच आठवड्यात नवा प्लगही बसवून टाका आणि मीटरचा आकडा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. पुढच्या वर्षी ‘कधी बदलला होता रे?’ हा प्रश्नच उरत नाही.

पैशाचंही बघा. समजा ६० चं अ‍ॅव्हरेज ५५ वर आलं. महिन्याला १ हजार किलोमीटरमागे दीड लिटर पेट्रोल जास्त जातं. एका महिन्यातच नव्या प्लगचे पैसे धुरात गेलेले असतात.

ही लक्षणं दिसली तर

सकाळी गार इंजिन लवकर सुरू न होणं, चढाला गाडी झटके देणं, उभी असताना धडधडून बंद पडणं, सायलेन्सरमधून पेट्रोलचा वास येणं, अ‍ॅव्हरेज कमी होणं, ही प्लग थकल्याची लक्षणं आहेत. मात्र हेच सगळं एअर फिल्टर तुंबल्यावर किंवा पेट्रोलमध्ये पाणी गेल्यावरही होतं. धुतल्यावर किंवा पावसात भिजल्यावर गाडी सुरू होत नसेल, तर आधी प्लगची रबरी कॅप काढून आतलं पाणी पुसून बघा. काही वेळा तेवढ्यावरच भागतं.

जुना प्लग फेकण्याआधी बघा

इंजिनाच्या आत काय चाललंय हे जुना प्लग सांगतो. त्याच्या टोकाचा रंग बघा.

– फिकट तपकिरी, चहासारखा: इंजिन ठणठणीत आहे. किलोमीटर झाले असतील तरच बदला.

– कोरडी काळी काजळी: पेट्रोल जास्त जातंय किंवा हवा कमी पडतेय. एअर फिल्टर बघा. चोक ओढलेला राहून गेला का, तेही बघा.

– काळा आणि तेलकट: ऑइल वर चढतंय. पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हचं सील गेलेलं असू शकतं.

– पांढराफटक, टोक वितळल्यासारखं: इंजिन जास्त तापतंय, मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय किंवा चुकीच्या नंबरचा प्लग बसलाय.

– पांढऱ्या चिनी मातीला तडा: प्लग बाद. साफ करून परत बसवू नका.

दर दोन महिन्यांनी प्लग काळा होत असेल, तर दोष प्लगचा नाही. अशा वेळी नुसते प्लग बदलत राहिलात तर पैसे जातात आणि रोग आतच राहतो. जुना प्लग हातात घेऊन मेकॅनिकला विचारा, “हा असा का झाला?” चांगला मेकॅनिक कारण सांगतो.

पॉलिश पेपरने घासलं तर चालतं का?

वाटेत अडकलात तर घासून घरापर्यंत या. पण तो कायमचा इलाज नाही. काजळी निघते, झिजलेला धातू काही परत येत नाही. इरिडियमचं बारीक टोक तर घासायचंच नाही, ते लगेच खराब होतं. काही ठिकाणी गॅप करवतीच्या पात्याने मोजतात. हॅक्सॉचं पातं साधारण ०.६५ मिलिमीटर जाड असतं. तुमच्या गाडीला ०.८ किंवा ०.९ लागत असेल, तर त्या मापाने गॅप कमी पडतो. फिलर गेजनेच मोजायला सांगा.

नंबर बघूनच घ्या

दुकानात ‘गाडीचा प्लग द्या’ एवढंच म्हणू नका. जुन्या प्लगवरचा नंबर दाखवा किंवा पुस्तिकेतला सांगा. एनजीकेच्या प्लगमध्ये उष्णतेचा आकडा जितका मोठा, तितका प्लग ‘थंड’. बॉशमध्ये बरोबर उलटं असतं. त्यामुळे कंपनी बदलताना नुसता आकडा जुळवून चालत नाही. पल्सरच्या डीटीएस-आय इंजिनाला दोन प्लग असतात. एक गेला तरी गाडी चालते, म्हणून दुसरा विसरला जातो. बदलताना दोन्ही एकदम बदला.

घरी बदलत असाल तर

इंजिन पूर्ण गार होऊ द्या. प्लगच्या भोवतीची माती आधी ब्रशने झाडा, नाहीतर ती सरळ सिलिंडरमध्ये पडते. नवा प्लग आधी हाताने फिरवून बसवा. पान्याने सुरुवात केली आणि आटे तिरके धरले, तर हेडचे आटे जातात आणि खर्च हजारांत जातो. हाताने टेकला की मग पान्याने पाव ते अर्धा वळसा पुरे, जोर लावू नका. प्लग उघडा धरून ठिणगी बघण्याचा खेळ करू नका. शॉक बसतो, आणि जवळ पेट्रोलची वाफ असली तर भडका उडू शकतो.

बीएस-६ गाडी असेल तर जास्त जपा

१ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. ठिणगी चुकली की न जळलेलं पेट्रोल तिथं जाऊन पेटतं आणि तो खराब होतो. तो भाग प्लगपेक्षा कितीतरी पटींनी महाग आहे. मिसिंग सुरू झाली किंवा मीटरमध्ये इंजिनाचा पिवळा दिवा लागला, तर ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणू नका.

ट्रॅक्टरच्या डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. पण पेट्रोलवरचा फवारणी पंप किंवा गवत कापायचं मशीन असेल, तर त्याला असतो. टू-स्ट्रोक मशीनमध्ये पेट्रोलात ऑइल मिसळलेलं असल्याने प्लग लवकर काळा होतो. फवारणीचा हंगाम सुरू होण्याआधी तो काढून बघा आणि एक जादा प्लग घरात ठेवा.

आज गाडी घरी लावताना मीटरचा आकडा बघा. शेवटचा प्लग कधी बदलला ते आठवत नसेल, तर येत्या बाजाराच्या दिवशी गॅरेजवर जाऊन तो काढून बघाच.