‘अंडर प्रोटेस्ट’ : सहीशेजारचे दोन शब्द

मुळशी खोऱ्यात ‘प्रोटेस्ट’ या शब्दाचा अर्थ सांगायला कोश उघडावा लागत नाही. टाटांच्या धरणाखाली जमिनी जाणार, म्हणून १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला. तो प्रोटेस्ट, म्हणजे उघड निषेध. पण ‘अंडर प्रोटेस्ट’ ही गोष्ट निराळी. इथे माणूस पैसे नाकारीत नाही. तो घेतो, पण घेतानाच बजावतो की, ‘घेतले म्हणजे कबूल केले असं समजू नका.’ मराठीत याला ‘हरकत राखून’ म्हणावं.

एका विद्यार्थ्याचे वडील एकदा मोबदल्याच्या पावतीची नक्कल घेऊन आले. “गुरुजी, रक्कम कमी आहे म्हणून मी तिथं चांगला भांडलो की!” पावतीवर मात्र नुसती सही. भांडण हवेत गेलं, सही तेवढी राहिली.

ही चूक महागात पडू शकते. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात जे होतं, तेच त्याच्या जागी आलेल्या २०१३ च्या कायद्यातही आहे : रक्कम अपुरी वाटली तर ती हरकत राखून घेता येते, हरकत न राखता घेतली, तर वाढीव मोबदल्यासाठी दाद मागण्याचा हक्क उरत नाही. पुढे अर्ज केला यातच हरकत दिसते, अशी उदार भूमिका सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली एका खटल्यात घेतली खरी. त्या आधारावर या गृहस्थांना मी वकिलाकडे धाडलं. पण मुळात दोन शब्द लिहिले असते, तर ही धावपळ कशाला?

आता लिहायचं कसं? ‘आय ॲम अंडर प्रोटेस्ट’ असं लिहू नये. हरकत राखून काय केलं, ते क्रियापद आधी हवं. पैसे घेतले तर ‘रिसीव्हड अंडर प्रोटेस्ट’, भरले तर ‘पेड अंडर प्रोटेस्ट’. इंग्रजीचं अडलं असेल तर सरळ मराठीत लिहा : ‘मोबदला अपुरा आहे, ही हरकत राखून रक्कम घेतली.’ शेरा सहीच्या वेळीच लिहावा, तारीख घालावी, नक्कल जपावी.

वीजबिलाचंही तसंच. बिलाबद्दल वाद असेल, तर मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांतली कमी असेल ती हरकत राखून भरावी. वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही, असं २००३ चा वीज कायदा सांगतो.

मात्र एवढ्या शेऱ्याने मोबदला वाढत नाही. त्याने दार उघडं राहतं. आत जायला अर्ज करावाच लागतो. निवाड्याच्या वेळी आपण हजर असू, तर त्या तारखेपासून सहा आठवड्यांत.

शिक्षकबंधूंनो, आपण मुलांना अर्ज लिहायला शिकवतो. त्याच तासाला पावतीवर सही कशी करावी, हेही शिकवू या.