हलत्या कॅमेऱ्याचं खरं-खोटं

जिल्लो पोन्तेकोर्वोचा ‘द बॅटल ऑफ अल्जिअर्स’ (१९६६) अमेरिकेत दाखवताना पडद्यावर एक खुलासा येत असे : या चित्रपटात वृत्तपटाची एक फूटही फिल्म वापरलेली नाही. हे आवर्जून सांगावं लागलं, कारण पाहणाऱ्याचा त्यावर विश्वास बसला नसता. अल्जिअर्सच्या कस्बाह या जुन्या वस्तीतल्या अरुंद गल्ल्या, फ्रेंच सैनिकांच्या झडत्या, रस्त्यावर उतरलेला जमाव हे सगळं रचलेलं होतं. पण छायालेखक मार्चेल्लो गात्तीच्या रवाळ, कृष्णधवल आणि अधूनमधून थरथरणाऱ्या चित्रणामुळे ते बातमीसारखं खरं वाटे. कॅमेरा हलला म्हणजे प्रसंग खरा, ही समजूत तोवर प्रेक्षकाच्या मनात पक्की झाली होती.

तिचं मूळ बरंचसं युद्धात आहे. १९३७ मध्ये जर्मनीत आरिफ्लेक्स ३५ हा हातात मावणारा कॅमेरा आला. त्याच्या शटरवर आरसा होता, त्यामुळे लेन्ससमोर नेमकं काय आहे ते चित्रण चालू असतानाच दिसे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन वृत्तपटांचे कॅमेरामन तो घेऊन आघाडीवर गेले. गोळ्या चुकवत पळणारा माणूस ट्रायपॉड कुठे मांडणार? चौकट हलायची ती नाइलाजाने.

१९६० मध्ये हा नाइलाज शैली झाला. ‘प्रायमरी’ या माहितीपटासाठी अल्बर्ट मेजल्स कॅमेरा डोक्यावर उंच धरून, विस्कॉन्सिनमधल्या प्रचारसभेच्या गर्दीतून जॉन केनेडींच्या पाठोपाठ थेट व्यासपीठापर्यंत गेला. त्याच वर्षी पॅरिसमध्ये गोदारचा ‘ब्रेथलेस’ झळकला. त्यातल्या काही दृश्यांसाठी छायालेखक राऊल कूतार हातात कॅमेरा घेऊन व्हीलचेअरवर बसला होता. रूळ-ट्रॉलीचा खर्चच नको!

१९७६ मध्ये ‘बाउंड फॉर ग्लोरी’ आणि ‘रॉकी’ या चित्रपटांतून गॅरेट ब्राऊनचं स्टेडीकॅम प्रेक्षकांसमोर आलं. ते अंगावर बांधून कॅमेरामन जिने चढला तरी चौकट हिंदकळत नसे. चालता-धावतानाही चित्र स्थिर ठेवण्याची सोय झाल्यावर ते हलू द्यायचं की नाही, हे दिग्दर्शकाच्या मर्जीवर आलं.

डेन्मार्कच्या लार्स फॉन ट्रिअर आणि थॉमस विंटरबर्ग यांनी १९९५ मध्ये ‘डॉग्मा ९५’चा जाहीरनामा काढून कॅमेरा हातातच धरायचा, असा नियमच केला. विंटरबर्गचा ‘फेस्टन’ (१९९८) छोट्या डिजिटल व्हिडिओ कॅमेऱ्यांवर चित्रित झाला. वडिलांच्या साठीच्या मेजवानीत थोरला मुलगा भाषणाला उभा राहतो आणि बापाने लहानपणी केलेले लैंगिक अत्याचार शांतपणे सांगतो. पाहुण्यांना कुठे बघावं कळत नाही, आणि कॅमेराही त्यांच्यासारखाच कावराबावरा होतो.

त्याच वर्षीच्या ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’मधली ओमाहा किनाऱ्यावरची लढाई मात्र बारीक हिशेबाने बेतलेली आहे. शटर साधारणपणे १८० अंश उघडं असतं. सेकंदाला २४ चौकटी धरल्या, तर प्रत्येक चौकटीवर १/४८ सेकंद प्रकाश पडतो. छायालेखक यानुष कामिन्स्कीने ते ९० आणि ४५ अंशांवर आणलं. ४५ अंशांवर हा वेळ १/१९२ सेकंद होतो. हालचालीचा फराटा उरत नाही, स्फोटात उडालेल्या वाळूचे कण सुटे दिसतात आणि कॅमेऱ्याचा प्रत्येक धक्का बोचतो. शिवाय कॅमेरा थरथरवणारं खास उपकरणही वापरलं होतं.

मग दिग्दर्शक पॉल ग्रीनग्रास आला. त्याचा पिंड माहितीपटांचा. त्याच्या ‘द बोर्न अल्टिमेटम’ला (२००७) संकलनासह तीन ऑस्कर मिळाले आणि त्यातल्या हलत्या कॅमेऱ्याच्या नकलांचं पेव फुटलं. ‘टेकन ३’मध्ये नायक एक कुंपण ओलांडतो, त्यासाठी पाच-सहा सेकंदांत डझनभर तुकडे जोडलेले आहेत. असा गोंधळ वेग वाढवत नाही, फक्त उडी लपवतो.

काहींना तर हे सोसवतच नाही. ‘क्लोव्हरफील्ड’च्या (२००८) वेळी अमेरिकेतल्या काही चित्रपटगृहांनी मळमळीची सूचना लावली होती. डोळे सांगतात, आपण हलतोय. कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते, जागेवरच आहोत. घाटातल्या एसटीत पुस्तक वाचताना नेमकं याच्या उलट घडतं, पण पोटात ढवळतं तसंच. अशा वेळी मागच्या रांगेत बसावं. पडदा नजरेचा कमी भाग व्यापतो.

हलत्या कॅमेऱ्याचा उत्तम नमुना आपल्या मुंबईतही आहे. अनुराग कश्यपच्या ‘ब्लॅक फ्रायडे’मध्ये पोलीस संशयिताला झोपडपट्टीच्या बोळांतून पळवत नेतात. पाठलाग इतका लांबतो की पळणारा आणि पाठलाग करणारे, दोघेही धापा टाकू लागतात. कॅमेरा त्यांच्यासोबत धावतो, ठेचकाळतो, तरी कोण कुठे आहे हे सुटत नाही. उलट, चैतन्य ताम्हाणेच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) कॅमेरा बहुतेक वेळ जागचा हलत नाही आणि न्यायालयातला कंटाळा अंगावर येतो. खरेपणावर थरथरीचा मक्ता नाही.

तेव्हा पुढच्या वेळी पडदा हिंदकळू लागला, की एवढंच तपासा : कोण कुठे आहे आणि काय करतो आहे, हे कळतंय का? कळत असेल, तर त्या हलण्यामागे विचार आहे. कळत नसेल आणि ते न कळणं कथेच्याही कामाचं नसेल, तर दिग्दर्शक काहीतरी झाकतो आहे, असं खुशाल समजा.