मूकनायकाची नाकारलेली जाहिरात आणि आपल्या स्मरणिकेचे शेवटचे पान



यंदा १४ एप्रिलच्या स्मरणिकेसाठी आम्ही समुद्रपूर, जाम आणि हिंगणघाटच्या बाजारात जाहिराती मागत फिरलो. अर्धे पान पाचशे, पाव पान तीनशे. कृषी केंद्र, मेडिकल, कापड दुकान, मंगल कार्यालय. बहुतेकांनी "पुढच्या वर्षी पाहू" म्हटले, ते नेहमीचेच. एका दुकानदाराने मात्र लगेच पाचशेची नोट काढली आणि म्हणाला, "पैसे घ्या, फक्त नाव छापू नका." आमच्यातला बारावीचा एक मुलगा बोलून गेला, "काका, नावच नाही तर मग ही जाहिरात कशाची?" दुकानदार हसला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

परत येताना बसमध्ये याच प्रश्नावर वाद झाला. त्यातून हा लेख लिहावासा वाटला, कारण जाहिरात कोण देतो, कोण छापतो आणि कोण नाकारतो हा आपल्या चळवळीसाठी शंभर वर्षांचा जुना प्रश्न आहे.

इंग्रजी राजवटीतले मराठी वर्तमानपत्र कशावर चालत होते, ते आधी समजून घेऊ. वर्गणी हा पहिला आधार, पण ती थकायची. कागद, छपाई आणि टपाल यांचा खर्च मात्र रोख असायचा. ही तूट जाहिरातींनी भरून निघे. त्या पानांवर काय असे? ताकदीची औषधे, डोंगरे बालामृतासारखी लहान मुलांची औषधे, मलम, साबण, घड्याळे, पुस्तके, नाटकांचे खेळ. माल बहुतेक मुंबई-पुण्याचा आणि गिऱ्हाईक गावोगावचे. या दोघांना जोडले पोस्टाने. १८७७ साली व्हीपीची सोय सुरू झाली. पत्र टाकून माल मागवायचा, पार्सल आले की पोस्टात पैसे भरून सोडवून घ्यायचे. गिरगावातला औषधवाला हिंगणघाट तहसिलीतल्या एखाद्या खेड्यात माल विकू लागला तो असा. (समुद्रपूर तेव्हा हिंगणघाट तहसिलीतच होते.) दुकान गावात नसले तरी गावात वर्तमानपत्र येत होते, आणि ते चावडीवर किंवा शाळेत एक जण मोठ्याने वाचायचा.

म्हणजे जाहिरातदार पानाची जागा विकत घेत होता असे दिसते खरे, पण तो पैसे मोजत होता ते वाचकाच्या खिशासाठी. ज्या पत्राचा वाचक वकील, मास्तर, कारकून, मालगुजार, त्या पत्राकडे जाहिरात आपोआप चालत येई. ज्याचा वाचक गिरणीत किंवा शेतावर राबणारा, आणि तोही दहाजणांत एक अंक वाचणारा, त्याच्याकडे औषधवाला कशाला येईल? इथपर्यंत हा निव्वळ व्यवहार आहे, त्यात कुणाचा द्वेष शोधायची गरज नाही. आपल्या लोकांनी उठसूट सगळीकडे कट पाहू नये, असे आम्हाला वाटते.

पण मामला इथेच थांबत नाही.

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' पाक्षिक सुरू केले. शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. पत्र निघाल्याचे लोकांना कळावे म्हणून 'केसरी'कडे जाहिरात पाठवली. पैसे देऊ केले होते, फुकट मागितली नव्हती. 'केसरी'ने ती छापली नाही. लोकमान्य टिळक तेव्हा हयात होते. ही हकीकत पुढे १९२७ मध्ये बाबासाहेबांनी 'बहिष्कृत भारत'मध्ये लिहिली.

बाजारात रुपयाला जात नसते असे आपल्याला शिकवतात. इथे रुपया तोच होता, पान तेच होते, आणि तरीही व्यवहार झाला नाही. वाचकाच्या खिशाचा हिशेब या घटनेला लागूच पडत नाही, कारण इथे गिऱ्हाईक स्वतः पैसे घेऊन दारात उभे होते. हा बहिष्कारच होता. फक्त तो पाणवठ्यावर न होता छापखान्यात झाला.

जाहिरातीच्या मजकुरातही जात होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दिल्लीच्या हिंदू बिस्किट कंपनीने आपल्या मालाला वरच्या जातींचेच हात लागतात, हे विक्रीचे वैशिष्ट्य म्हणून जाहिरातीत सांगितले. आपल्याकडे 'ब्राह्मणाचे हॉटेल' अशा पाट्या कितीतरी दशके होत्या, त्याही जाहिरातीच. स्वदेशी कापडाची गोष्ट आणखी बोचणारी आहे. देशी गिरणीचे कापड घ्या म्हणून देशाच्या नावाने आवाहन व्हायचे, आणि मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला घेत नसत, कारण तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळ होई. पगार जास्त त्याच खात्यात होता. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा मुद्दा कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला.

मग आपली पत्रे जगली कशी? खरे सांगायचे तर बरीचशी जगली नाहीत. 'मूकनायक' १९२३ पर्यंत बंद पडले. ३ एप्रिल १९२७ ला सुरू झालेले 'बहिष्कृत भारत' १५ नोव्हेंबर १९२९ ला थांबले. त्याचे रकानेच्या रकाने बाबासाहेब एकटे लिहीत, मोबदला न घेता, आणि डोक्यावर कर्ज वाढत गेले. आपल्या नागपुरात किसन फागुजी बनसोडे यांनी 'निराश्रित हिंद नागरिक', 'विटाळ विध्वंसक', 'मजूर पत्रिका' अशी एकामागून एक पत्रे काढली. एक बंद पडले की दुसरे, यातच त्यांची चिकाटी आणि आपली गरिबी दोन्ही दिसतात.

दुसऱ्यांकडे उलट वाट होती. काशीनाथुनी नागेश्वर राव यांनी १८९३ साली मुंबईत अमृतांजन काढले आणि त्याच धंद्याच्या बळावर १९०८ मध्ये 'आंध्र पत्रिका' सुरू केली. किर्लोस्करांनी 'मूकनायक' निघाले त्याच १९२० साली कारखान्याचे 'किर्लोस्कर खबर' काढले, ते पुढे मोठे मासिक झाले. मागे कारखाना असेल तर पत्राला दम धरता येतो. गांधीजींनी तर आपल्या पत्रांत जाहिरात घ्यायचीच नाही असे ठरवले होते. हा निर्णय चांगला की वाईट यावर वाद होईल, पण आलेली जाहिरात नाकारणे आणि मुळात न मिळणे यांत फरक आहे.

बाबासाहेबांनी हे अर्थकारण नेमके मांडले आहे. १९४५ च्या 'व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू द अनटचेबल्स' या ग्रंथात ते परदेशी वाचकाला समजावतात: अस्पृश्यांना वर्तमानपत्र नाही आणि काढता येत नाही, कारण जाहिरातीच्या उत्पन्नाशिवाय पत्र टिकत नाही. जाहिरात देणारा व्यापारी, आणि लहान असो की मोठा, सगळा व्यापार काँग्रेसला बांधलेला. त्याआधी दोन वर्षे, १९४३ च्या पुण्यातल्या रानडे यांच्यावरील भाषणात, त्यांनी म्हटले होते की पत्रकारितेचा आता धंदा झाला आहे आणि साबणाच्या कारखान्याइतकीच नैतिकता तिच्यात उरली आहे. साबणाचीच उपमा त्यांना सुचली, याचे आम्हाला नवल वाटत नाही. रोजचे वर्तमानपत्र उघडणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दुसरे काय येणार?

आजचे चित्र आपण जाणताच. तालुक्याचे साप्ताहिक वाढदिवसाच्या शुभेच्छांवर आणि सरकारी नोटिसांवर चालते. आपल्या जयंतीच्या अंकातही बाबासाहेबांच्या फोटोपेक्षा शुभेच्छुकाचा फोटो मोठा असतो, आणि त्या शुभेच्छुकाविरुद्ध त्या अंकात ओळ येत नाही.

आमच्या स्मरणिकेत शेवटी बचत गटाच्या मसाल्याची, एका टेंट हाऊसची, सायकल दुरुस्तीवाल्याची आणि दोन शिवणकाम करणाऱ्या ताईंची जाहिरात आली, दोनशे-दोनशे रुपयांची. छपाईचे पैसे यातून पूर्ण निघाले नाहीत, उरलेले मंडळाने भरले. ती पाचशेची नोट परत करायची की 'एक हितचिंतक' म्हणून छापायची, यावर मत घेतले. सात विरुद्ध सहा मतांनी ती परत गेली. नेऊन देण्याचे काम त्या बारावीच्या मुलाने मागून घेतले. दुकानदाराने नोट गल्ल्यात टाकली आणि त्याला चहा विचारला. तो चहा पिऊन आला, यावरून मंडळात पुन्हा वाद झाला.