छायाचित्रकाराच्या वहीतील बाकी

आषाढात चातुर्मासास प्रारंभ झाला, की गोंदियाच्या बाजारपेठेत दोन बदल जाणवतात. उपाश्रय आणि मंदिरे गजबजू लागतात, आणि छायाचित्रकारांची दुकाने सुनी पडतात. देवशयनी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत विवाहमुहूर्त नसतात. म्हणजे वर्षातील सुमारे चार महिने या व्यवसायाची मुख्य मिळकत थांबते. दुकानाचे भाडे, विजेचे देयक, मदतनिसाचा पगार आणि मुलांची फी मात्र थांबत नाही. बँकेच्या नोकरीत मी नाना व्यवसायांचे हिशेब तपासले; परंतु आठ महिन्यांच्या कमाईवर बारा महिने काढणाऱ्या या व्यवसायाकडे आपल्या व्यापारी कुटुंबांचे लक्ष क्वचितच जाते. आपल्या घरच्या प्रत्येक मंगल प्रसंगी हा माणूस उपस्थित असतो. आपल्या अल्बममध्ये मात्र तो कोठेही नसतो.

आपला जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झाला. तथापि धानाची बाजारपेठ, राइस मिल आणि विडीचा व्यापार यांमुळे गोंदियाचे नाव त्यापूर्वीच दूरवर पोहोचले होते. येथील लग्नसराई धानाच्या हंगामाशी बांधलेली आहे. दिवाळीच्या सुमारास धान बाजारात येते, शेतकऱ्याच्या हाती पैसा येतो, आणि मग लग्ने निघतात. शेतकरी, अडत्या, कापडवाला, सराफ आणि छायाचित्रकार हे सारे एकाच साखळीचे दुवे होत. धानाचे चुकारे लांबले, की उधारी या साखळीतून घरंगळत शेवटच्या दुव्यापर्यंत जाते. तो शेवटचा दुवा बहुधा छायाचित्रकार असतो. कारण लग्न पार पडलेले असते आणि त्याची निकड संपलेली असते.

या कलेशी आपल्या समाजाचे नाते जुने आहे. भारतातील आद्य थोर छायाचित्रकारांत ज्यांची गणना होते ते राजा दीनदयाळ हे मेरठजवळील सरधना येथील जैन कुटुंबात १८४४ साली जन्मले. रुरकीच्या थॉमसन महाविद्यालयात शिकून त्यांनी इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नक्शे काढण्याची नोकरी धरली. छायाचित्रणाचा छंद तेथेच जडला आणि होळकर दरबारचा आश्रय लाभला. पुढे हैदराबादच्या सहाव्या निजामाने त्यांना आपले छायाचित्रकार नेमले. १८९२ मध्ये त्यांनी हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र स्टुडिओ काढला आणि त्याची व्यवस्था एका इंग्रज बाईंकडे सोपविली. घरातील स्त्रियांची छायाचित्रे काढू देणे हा विश्वासाचा प्रश्न आहे, हे त्यांनी त्या काळी ओळखले होते. १९०५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या काचेच्या मूळ प्रतींचा मोठा संग्रह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जतन केलेला आहे. नोकरीतील नियमित वेतन सोडून या व्यवसायात उतरणाऱ्या त्या गृहस्थाचे धाडस आपल्यासारख्या हिशेबी लोकांना अधिक कळावे.

आमच्या तरुणपणी हे काम किती जिकिरीचे होते, हे आजच्या पिढीस सांगितले पाहिजे. मोठ्या रोलवर चौरस आकाराची १२ छायाचित्रे निघत, पस्तीस मिलिमीटरच्या रोलवर ३६. प्रत्येक वेळी बटण दाबणे म्हणजे पैसे खर्च करणे. चित्र कसे आले हे कळावयास डार्करूममधील तांबडा दिवा, डेव्हलपर आणि हायपो यांतून जावे लागे. रंगीत रोल आले तेव्हा ते धुण्यासाठी रेल्वेने नागपूरला जात. वाटेत रोल गहाळ झाला, तर कोणाचे लग्न पुन्हा लागणार? ती जोखीम सर्वस्वी छायाचित्रकाराची असे, आणि तिचा विमा कोणी उतरवीत नसे.

आणखी एक गोष्ट आपण जाणून घ्यावयास हवी. फिल्मवर चांदीच्या क्षारांचा जो थर असे, तो जिलेटिनमध्ये बसविलेला असे. आणि जिलेटिन प्राण्यांची हाडे व कातडी यांपासून तयार होते. औषधाची कॅप्सूल निरखून घेणाऱ्या आपल्या घरांत अल्बम मात्र निःशंकपणे उघडले जात. डिजिटल कॅमेऱ्याने फिल्म गेली. तरी रासायनिक छायाचित्र-कागदावर आजही तो थर असतो. ज्यांना हा विचार महत्त्वाचा वाटतो त्यांनी छपाईच्या पद्धतीची चौकशी आधी करावी. शाईच्या साध्या छपाईचा पर्याय उपलब्ध असतो.

आता घरची एक हकीकत सांगतो. ती सांगण्यास मला बरीच वर्षे लागली.

१९८५ च्या माघ महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न गोंदियात झाले. वडील धानाची अडत करीत. छायाचित्रणाचा ठराव १,४०० रुपयांचा झाला. ५०० रुपये बयाणा, उरलेले ९०० अल्बम मिळाल्यावर. आमच्याकडे चौविहाराचा नियम कडक असल्याने सूर्यास्तापूर्वी पंगती उठल्या आणि स्वयंपाकघर बंद झाले. छायाचित्रकार त्या वेळी मांडवात होता. उजेड आहे तोवर दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांची छायाचित्रे उरकून घ्यावीत, असे मीच त्याला सांगितले होते. त्यानंतर वरघोडा, तोरण, रात्रीचे फेरे आणि पहाटेची पाठवणी. तो अखेरपर्यंत उभा होता.

तीन आठवड्यांनी अल्बम आला. सर्वांना आवडला, परंतु एका चित्रात आजीचे डोळे मिटलेले होते. वडिलांनी ते बोटाने दाखविले आणि ९०० ऐवजी ७५० रुपये दिले. वडील खोटे वागणारे नव्हते. मालात खोट निघाली तर बट्टा कापावा, या बाजाराच्या रीतीने ते वागले. तो गृहस्थ काही बोलला नाही. मात्र चार-पाच दिवसांनी तो दुपारी पुन्हा आमच्या दारी आला. दुसऱ्या कोणाच्या रोलमध्ये दोन चित्रांची जागा शिल्लक होती. आजी अंगणात चटईवर माळ घेऊन बसली होती. त्याने तिला उठविले नाही, की पदर सारखा करावयास सांगितले नाही. भिंतीवरून परतणाऱ्या उजेडात तिची दोन चित्रे घेतली, आणि एक मोठी प्रत पुढच्या आठवड्यात आणून दिली. पैसे मागितले नाहीत. आम्हीही विचारले नाहीत. दुसऱ्या वर्षी आजी गेली. आज आमच्या बैठकीत जे तिचे एकमेव स्वतंत्र छायाचित्र आहे, ते हेच.

२००६ मध्ये मी जिल्ह्यातील एका शाखेत कर्जविभाग पाहत असताना तोच छायाचित्रकार अर्ज घेऊन आला. फिल्म संपत चालली होती. डिजिटल कॅमेरा, संगणक आणि छपाईयंत्र घ्यावयाचे होते. कोटेशन होते, परंतु विवरणपत्रे अपुरी. उलाढालीचा पुरावा म्हणून त्याने जुन्या वह्या माझ्यापुढे ठेवल्या. प्रत्येक लग्नाचे स्वतंत्र पान. बयाणा, रोल, धुलाई, अल्बम, जमा, बाकी. वह्यांतील शिस्त पाहून मी थक्क झालो. १९८५ ची वही चाळताना वडिलांचे नाव दिसले. बाकी १५० रुपये. त्यापुढे लिहिले होते : सोडली. खाली दुसऱ्या ओळीत : आजींचा फोटो, एक प्रत, घरून.

मी वही त्याच्याकडे वळविली आणि बोट ठेवले. तो ओशाळून हसला. म्हणाला, “साहेब, ते केव्हाच सोडलं. धंद्यात होतंच ते.” मग थोडे थांबून म्हणाला, “तुमच्याकडे त्या दिवशी माझं जेवण राहून गेलं होतं, तेवढं मात्र आठवतं. दुपारपासून उभा होतो. मागायला लाज वाटली, आणि तुमचा नियमही माहीत होता.”

मला उत्तर सुचले नाही. रात्रिभोजनत्याग हे आपले व्रत. ते आपण समजून-उमजून स्वीकारतो. त्या रात्री आमच्या व्रतामुळे एका माणसाला त्याने न घेतलेला उपवास घडला, आणि त्याचे पाप-पुण्य मोजण्याची फुरसत आमच्यापैकी कोणाला नव्हती. स्वयंपाकघर सूर्यास्ताला बंद झाले यात चूक नव्हती. चूक ही, की बंद होण्यापूर्वी त्याचे पान वाढले गेले नाही. आणि त्याला मांडवात अडकवून ठेवणारा मीच होतो.

कर्ज त्याच्या वह्यांच्या गुणवत्तेवर आणि नियमांत बसवून मंजूर झाले. त्यात माझी कृपा नव्हती. हप्ते वेळेवर आले. पावसाळ्यातील हप्त्यांची रक्कम तो उन्हाळ्यातच बाजूला ठेवी. त्या वर्षी संवत्सरी प्रतिक्रमणानंतर मी त्याच्या दुकानी गेलो आणि क्षमा मागितली. १५० रुपयांचे पाकीट त्याने घेतले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी जेवावयास मात्र आला. वडील तेव्हा हयात होते. त्यांनी त्याला आजीच्या छायाचित्राखाली बसविले आणि स्वतः वाढले. दोघेही फारसे बोलले नाहीत.

आज साधने बदलली. श्रम कमी झाले नाहीत. पूर्वी एका लग्नाची शंभर-दीडशे चित्रे निघत, आता हजारो निघतात. त्यांतून निवड करणे, रंग सुधारणे, अल्बमची पाने जुळविणे यांत लग्नानंतरचे कित्येक दिवस जातात. ग्राहक म्हणतो, आता रोलचा खर्च कोठे आहे? परंतु कॅमेरा, भिंगे, संगणक आणि हार्ड डिस्क ही भांडवली गुंतवणूक आहे आणि ती झपाट्याने जुनी होते. आयकराच्या नियमांत यंत्रसामग्रीवर साधारणतः १५ टक्के आणि संगणकावर ४० टक्के घसारा मिळतो. यावरूनच संगणकाचे आयुष्य किती अल्प मानले जाते हे व्यापाऱ्यास कळेल. त्यातच प्रत्येक पाहुण्याच्या हाती मोबाइल आला. पासपोर्ट आकाराची चित्रे आणि वाढदिवस यांची पूर्वीची किरकोळ मिळकत त्यामुळे घटली.

म्हणून आपल्या कुटुंबांस काही सूचना कराव्याशा वाटतात. ठराव लेखी करावा. त्यात चित्रांचा अंदाज, अल्बमची मुदत आणि पैशांचे टप्पे असावेत. मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा प्रथम हक्क, वेगळा करार नसेल तर, १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्यानुसार काढवून घेणाऱ्याकडे असतो. मुलीबाळींची चित्रे जाहिरातीत वापरावयाची की नाही, हेही तेव्हाच ठरवावे. अल्बमसाठी निवड करण्याचे काम आपण महिनोन् महिने रेंगाळत ठेवतो आणि बाकीही तेवढीच रेंगाळते, ते टाळावे. मूळ चित्रांच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. छापील चित्रामागे मऊ पेन्सिलीने नाव, नाते आणि वर्ष लिहावे. तिसऱ्या पिढीस चेहरे ओळखता येत नाहीत. उपाश्रयात साधु-साध्वींपुढे फ्लॅश वापरू नये, ही मर्यादा छायाचित्रकारास आधीच सांगावी. अनेकांना ती ठाऊक नसते, आणि मग भर सभेत त्यांना टोकले जाते.

आणि चौविहाराच्या घरी लग्न असेल, तर पंगतीच्या यादीत छायाचित्रकार, त्याचा मदतनीस, बँडवाले आणि मांडववाले यांची पाने सूर्यास्ताच्या तासभर आधी मांडावीत. घरातील एका जबाबदार व्यक्तीकडे हेच एक काम सोपवावे. गेल्या वैशाखात नातीच्या लग्नात ते काम मी स्वतःकडे घेतले होते. छायाचित्रकार तरुण होता. “नंतर जेवतो, काका,” असे तो दोनदा म्हणाला. तिसऱ्यांदा मी त्याच्या हातातील कॅमेरा घेतला आणि त्याचे जेवण होईपर्यंत मांडीवर सांभाळून बसलो.

मिच्छामि दुक्कडं.