वल्हे काय शिकवते?

विद्यार्थी मित्रांनो, आपला बीड जिल्हा अवर्षणाचा. उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात आणि टँकरची वाट पाहावी लागते. तेव्हा नौकानयनाशी आपला काय संबंध, असे तुम्हांला वाटेल. परंतु या खेळात नाव कमावणारे दत्तू भोकनळ हेही दुष्काळी भागातलेच. नाशिक जिल्ह्यातील तळेगाव रोही हे त्यांचे गाव. वडिलांबरोबर त्यांनी विहिरी खोदण्याचे काम केले. 2012 साली ते सैन्यात भरती झाले. पुण्यात प्रशिक्षक कुदरत अली यांनी त्यांच्या हाती वल्हे दिले. सुरुवातीला त्यांना पाण्याची भीती वाटे. ती त्यांनी सरावाने घालवली.

आता हा खेळ समजून घेऊ. शर्यत 2000 मीटरची असते. एकट्याची नौका सुमारे 8 मीटर लांब, पण वजनाने अवघी 14 किलोच्या आसपास असते. ती इतकी अरुंद असते, की तोल जरा ढळला तरी डगमगते. खेळाडू सरकत्या बैठकीवर बसतो. जोर प्रथम पायांचा, मग पाठीचा आणि शेवटी हातांचा लागतो. वल्हे पाण्याबाहेर आले, की त्याला पुढच्या ओढीसाठी सावकाश सरकावे लागते. येथे घाई केली, तर नौकेचा वेग उलट कमी होतो.

या खेळातील एक गोष्ट मोठी नवलाची आहे. खेळाडू ध्येयाकडे पाठ करून बसतो. त्याच्या डोळ्यांसमोर असते ती नौकेने पाण्यावर उमटवलेली रेघ. एका हाताचा जोर अधिक पडला, की रेघ वाकडी होते. आपली चूक आपल्यालाच दिसते आणि ती लगेच सुधारता येते. यालाच आत्मपरीक्षण म्हणतात. उर्दूत आपण त्याला 'मुहासबा' म्हणतो.

2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये भोकनळ एकेरी स्पर्धेत 13 वे आले. 2018 च्या आशियाई स्पर्धेत एकेरीच्या अंतिम शर्यतीत ते शेवटचे, म्हणजे सहावे आले. दुसऱ्याच दिवशी चौघांच्या नौकेची शर्यत होती. त्यांनी स्वर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्याबरोबर पुन्हा वल्हे हाती घेतले आणि भारताला सुवर्णपदक मिळाले. चौघांच्या नौकेत एकट्याने जोर दाखवून भागत नाही. चारही जणांची वल्ही एकाच वेळी पाण्यात पडावी लागतात.

मित्रांनो, आपल्याजवळ नौका नसेल, पण अभ्यास आहे, खेळ आहे, घरचे काम आहे. दिवस संपला, की मागे वळून आपली रेघ पाहावी. ती वाकडी दिसली, तर निराश होऊ नये. कोणता हात कमी पडला ते ओळखावे आणि उद्याची ओढ सरळ घ्यावी.